विमानाचं तिकीट कोणाच्या नावावर?

वाचकांचे प्रश्न, सीए ताईंची उत्तरं

या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत, कामासाठी केलेला प्रवास आणि त्यावरचा टॅक्स. कारणं उघड आहेत. २२ सप्टेंबर २०२५ ला हॉटेल, विमान, गाड्या सगळ्याचे जीएसटी दर हलले, आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू. त्यामुळे फ्रीलान्सर, कन्सल्टंट, रिटेनरवर काम करणारे सगळेच गोंधळलेत. नोकरदारांचं बरं असतं, तिकीट ऑफिस काढतं आणि हिशोब पण ऑफिसच ठेवतं. स्वतंत्र काम करणाऱ्याला तिकीटही स्वतः काढायचं आणि त्याचं उत्तरही स्वतःच द्यायचं. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: ताई नमस्कार. नोकरी सोडून मी आता स्वतंत्र सॉफ्टवेअर कन्सल्टंट झालोय, जीएसटी नंबर आहे. बंगळुरूचा एकच मोठा क्लायंट, वर्षाची फी साधारण २२ लाख. महिन्यातून दोनदा तिकडे जावं लागतं, विमान, हॉटेल, कॅब सगळं माझ्या कार्डावरनं, आणि महिन्याच्या शेवटी मी ते फीच्याच इनव्हॉइसमधे खाली जोडतो. वर्षाचे ४ लाख होतात. क्लायंट पूर्ण रकमेवर टीडीएस कापतो. माझेच पैसे मला परत मिळतायत, त्यावर टॅक्स कसला? बाकी रिटर्न मी आयकराच्या ४४एडीए कलमाखाली भरतो, त्यात काही प्रॉब्लेम नाही. (बाणेर, पुणे)

उत्तर: टीडीएसचं दुखणं छोटं आहे हो, ते क्रेडिट रिटर्नमधे मिळतं आणि जास्त कापला गेला असेल तर रिफंड येतो. खरं दुखणं तुम्ही शेवटच्या ओळीत "काही प्रॉब्लेम नाही" म्हणून सोडून दिलंय.

४४एडीए मधे काय होतं, तर वर्षभरात जेवढे पैसे आले त्याचे निम्मे नफा धरतात आणि उरलेल्या निम्म्यात तुमचे सगळे खर्च आले असं कायदाच म्हणतो, प्रवास, भाडं, लॅपटॉप, इंटरनेट, सगळं. वेगळा खर्च दाखवायची सोय नाही. आता तुमची फी २२ लाख, म्हणजे नफा ११ लाख. दुसरं काही उत्पन्न नसेल तर नव्या रिजिममधे (टॅक्स मोजायच्या दोन पद्धतींपैकी नवी) २०२५-२६ साठी टॅक्स शून्य, कारण १२ लाखांपर्यंत ८७ए ची सूट आहे. पण तुम्ही प्रवासाचे ४ लाख त्याच इनव्हॉइसमधे घातलेत, तर आलेले पैसे दिसतात २६ लाख, नफा १३ लाख, आणि १३ लाखांवर स्लॅबप्रमाणे ७५ हजार अधिक ४ टक्के सेस म्हणजे ७८ हजार रुपये टॅक्स. विमान कंपनीला आणि हॉटेलला दिलेल्या पैशांवर, ज्यातला एक रुपया तुमच्या खिशात राहिला नाही, तुम्ही ७८ हजार भरणार.

खर्चाची निव्वळ भरपाई म्हणजे उत्पन्नच नाही असा मुद्दा मांडता येतो आणि तो चुकीचाही नाही. पण तुमच्या एआयएसमधे (आयकर खात्याकडची तुमच्या व्यवहारांची यादी) क्लायंटनं २६ लाख दाखवलेत आणि तुम्ही रिटर्नमधे २२ लिहिले की फरक विचारणारी नोटीस येणार, मग बिलं काढा, उत्तर लिहा, माझ्यासारख्या कोणाला तरी फी द्या. हे सगळं आधीच टाळता येतं.

क्लायंट पूर्ण रकमेवर टीडीएस का कापतो तेही सांगते. १९९५ चं एक जुनं परिपत्रक आहे, ७१५ नंबरचं, त्यात म्हटलंय की बिलाच्या रकमेतून खर्चाची भरपाई वजा करून टीडीएस काढू नका. त्यामुळे एकाच बिलात फी आणि खर्च असला की अकाउंट्सवाले डोळे मिटून सगळ्यावर कापतात. खर्चाचं वेगळं बिल, सोबत मूळ पावत्या, असं असेल तर कापायची गरज नाही असे ट्रिब्युनलचे निकाल आहेत. पण त्याच्यानंतर आलं टीडीएसचं नवं कलम १९४आर, १ जुलै २०२२ पासून. त्याच्या परिपत्रकात (१२/२०२२) अगदी तुमचंच उदाहरण दिलंय, दुसऱ्या गावी जाणारा कन्सल्टंट. बिल कन्सल्टंटच्या नावाचं असेल आणि क्लायंटनं ते भरून दिलं तर तो कन्सल्टंटला मिळालेला फायदा, वर्षाला २० हजारांच्या वर गेला की १० टक्के टीडीएस. आणि बिल क्लायंट कंपनीच्या नावाचं असेल, पैसे तात्पुरते तुम्ही भरले असतील, तर तो फायदा नाही, टीडीएस नाही. पुढच्या परिपत्रकात (१८/२०२२) एवढं स्पष्ट केलं की फीसोबत त्यावर आधीच टीडीएस कापला असेल तर १९४आर परत लावायचा नाही. म्हणजे सगळा खेळ बिल कोणाच्या नावाचं यावर आला. प्रवासी तुम्हीच असाल, तिकिटावर नाव तुमचंच असणार, पण विमान कंपनीचं आणि हॉटेलचं टॅक्स इनव्हॉइस क्लायंटच्या नावाचं, क्लायंटच्या जीएसटी नंबरचं पाहिजे.

जीएसटीची बाजू पण आहेच. प्रवासखर्च तुम्ही आकारला की तो तुमच्या सेवेच्या किमतीत धरतात आणि १८ टक्के लावावे लागतात. बरेच जण "मी प्युअर एजंट" (म्हणजे क्लायंटच्या वतीनं नुसते पैसे भरणारा) म्हणून ते वगळतात, पण प्युअर एजंटला आणलेली सेवा स्वतःच्या कामासाठी वापरता येत नाही आणि विमानात तर तुम्हीच बसलेला असता. तेव्हा ते जमत नाही.

करायचं काय? पुढचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू होताना एक ओळ घालून घ्या की प्रवास आणि मुक्कामाची जबाबदारी क्लायंटची, बुकिंग त्यांच्या ट्रॅव्हल डेस्कनं करायचं. ओळ लेखी हवीच, कारण जबाबदारी तुमची आणि पैसे भरले त्यांनी असं झालं तर जीएसटी कायदा ती रक्कम तुमच्या किमतीत परत धरतो. मोठ्या कंपन्यांचा ट्रॅव्हल डेस्क असतोच, तुम्ही कधी विचारलं नसेल एवढंच. कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट जातील, जाऊ देत.

प्रश्न: मॅडम, माझा क्लायंट बिलं मागतच नाही. बाहेरगावच्या प्रत्येक दिवसाचे उक्ते २,५०० देतो, त्यात राहा, खा, काय करायचं ते करा. हा भत्ता टॅक्स फ्री ना? नवरा नोकरीत आहे, त्याचा टूरवरचा डीए (रोजचा भत्ता) टॅक्स फ्री असतो. (ठाणे)

उत्तर: नवऱ्याचा असतो कारण तो नोकरीत आहे. दौऱ्यासाठी मिळालेला भत्ता खर्च झाला तेवढा करमुक्त, ही सवलत पगारदारांना आहे, आणि ती नव्या रिजिममधेही टिकून आहे. तुम्ही पगारदार नाही. तुम्हाला मिळालेले २,५०० म्हणजे फीच, नाव काहीही द्या. जीएसटी नोंदणी असेल तर त्यावरही १८ टक्के लावायचे. तरी मी उक्त्या रकमेच्या विरोधात नाहीये, गावात मावशी-काका असतील आणि मुक्काम तिकडेच होत असेल तर २,५०० मधले बरेचसे हातात राहतात, टॅक्स जाऊनही. पण जिथे २,५०० मधे धड हॉटेलही मिळत नाही तिथे हा सौदा तोट्याचा, तेव्हा रेट ठरवताना टॅक्स धरून मागा.

प्रश्न: मी कॉर्पोरेट ट्रेनर आहे, नागपूरला, जीएसटी रजिस्टर्ड, हिशोब पूर्ण ठेवते, ऑडिटवाली आहे. हॉटेलवरचा जीएसटी १२ चा ५ झाला म्हणून सगळे खूश आहेत पण माझा अकाउंटंट म्हणतो तुमचं नुकसान झालं. कोण बरोबर? (नागपूर)

उत्तर: दोघंही, तुम्ही झोपता कुठल्या गावात त्यावर आहे.

आधी दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीला १२ टक्के होता आणि त्याचं इनपुट क्रेडिट चालायचं, म्हणजे भरलेला जीएसटी तुमच्या जीएसटीच्या देण्यातून वळता व्हायचा. आता ५ टक्के आहे पण क्रेडिट नाही. ४,००० ची खोली घ्या. तुम्ही पुण्याला ट्रेनिंगला गेलात तर आधी ४८० रुपये जीएसटी भरायचा, पण तो महाराष्ट्राचा जीएसटी, तुमची नोंदणी महाराष्ट्राची, म्हणून ४८० परत क्रेडिटमधे, खोली पडायची ४,००० लाच. आता २०० भरायचे आणि विसरायचे, खोली ४,२०० ला. अकाउंटंट बरोबर.

पण तुम्ही हैदराबादला गेलात तर? हॉटेलचा जीएसटी हॉटेल ज्या राज्यात तिथला असतो. तेलंगणाच्या सीजीएसटी-एसजीएसटीचं क्रेडिट महाराष्ट्राच्या नंबरवर आधीही मिळत नव्हतंच, ४८० पूर्ण बुडायचे. आता २०० बुडतात. म्हणजे रात्रीमागे २८० फायदा, अर्थात हॉटेलनं मूळ भाडं तेवढंच ठेवलं असेल तर. त्यामुळे राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्या ट्रेनरचा थोडा तोटा आणि राज्याबाहेर जाणाऱ्याचा फायदा झालाय. ७,५०० च्या वरची खोली अजून १८ टक्के, क्रेडिटसकट, तिला हात लागला नाही.

विमानाचं वेगळं. इकॉनॉमीला आधीही ५ होता आताही ५ आहे, बिझनेस क्लास वगैरे १२ वरून १८ झालं. पण इथे राज्याची अडचण नाही, रजिस्टर्ड ग्राहकाच्या बाबतीत ती सेवा त्याच्या पत्त्यावर मिळाली असं धरतात, त्यामुळे नागपूरच्या नंबरवर क्रेडिट मिळतं. फक्त बुकिंग करताना जीएसटी नंबरचा रकाना भरायला पाहिजे, जो घाईत मोबाईलवरनं तिकीट काढताना हटकून रिकामा राहतो आणि मग वर्षअखेरीला तुम्ही कस्टमर केअरला मेल करत बसता. कॅबचं क्रेडिट मात्र कायद्यानंच बंद आहे, भाड्यानं गाडी घेतली तरी, त्यावर वाद घालू नका. एसी ट्रेनच्या तिकिटावर ५ टक्के असतो, स्लीपरला नाही.

आणि ज्याचं क्रेडिट मिळत नाही तो जीएसटी तुमच्या खर्चात जातो, हिशोब ठेवता म्हणून आयकरात वजावट मिळते. पूर्ण बुडाला असं नाही.

प्रश्न: ताई, मी इंटिरियर डिझायनर आहे. वर्षाला १८ लाख येतात, जीएसटी नंबर नाही, रिटर्न ४४एडीए मधे. साइटवर सारखं जावं लागतं, रिक्षा-ओलाचा कंटाळा आलाय. भाऊ म्हणतो धंद्याच्या नावावर गाडी घे, टॅक्स वाचेल, शिवाय आता छोट्या गाड्यांचा जीएसटी पण उतरलाय. घेऊ का? (नाशिक)

उत्तर: गाडी पाहिजे म्हणून घेत असाल तर जरूर घ्या. टॅक्स वाचेल म्हणून घेऊ नका, कारण तुमच्याकडे वाचवायला टॅक्सच नाहीये. १८ लाखांचे निम्मे ९ लाख, नव्या रिजिममधे त्यावर शून्य. शून्यातून किती वाचवणार?

४४एडीए मधे राहिलात तर गाडीचा घसारा, पेट्रोल, लोनचं व्याज काहीच वेगळं मिळत नाही. उलट घसारा मिळाला असं समजून गाडीची पुस्तकी किंमत दरवर्षी कमी होत जाते, पुढे कधी पूर्ण हिशोबावर यायचं ठरवलंत तर घसारा त्या कमी झालेल्या किमतीवर मिळेल. पूर्ण हिशोब ठेवलात तर गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा, साधारण ऑक्टोबरपासून पुढे घेतली तर पहिल्या वर्षी निम्माच, आणि शाळेतून मुलांना आणायला, सासरी जायला तीच गाडी वापरणार ना, मग तेवढा हिस्सा वजा. ८ लाखांच्या गाडीला १ लाख २० हजार, त्यातला ६० टक्के धंद्याचा धरला तर ७२ हजार. एवढ्यासाठी वह्या ठेवायच्या, आणि नफा ५० टक्क्यांच्या खाली दाखवलात तर ऑडिटही करून घ्यायचं, हे मला तरी पटत नाही.

जीएसटीचं भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांचा २८ टक्के आणि वरचा सेस जाऊन १८ टक्के झालाय, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचाही १८. पण गाडीच्या जीएसटीचं क्रेडिट तुमच्यासारख्यांना तसंही मिळत नाही, नंबर घेतला तरी नाही. गाडी स्वस्त झाली ती सगळ्यांसाठीच झाली.

तुम्ही विचारलं नाही पण एक सांगते. कस्टमरकडून साइट व्हिजिटचे वेगळे पैसे घेत असाल, समजा वर्षाला अडीच लाख, तर ते १८ मधे मिळवा. साडेवीस लाख. २० लाखांची जीएसटीची मर्यादा तिथेच ओलांडली. ही मर्यादा फीवर नाही, एकूण उलाढालीवर आहे, आणि प्रवासाचे पैसे त्यात येतात. "ते तर पेट्रोलचे होते" हे उत्तर तिथे चालत नाही.

प्रश्न: सव्वीस वर्षं ज्या कंपनीत इंजिनियर होतो तिथूनच रिटायर होऊन तिथेच कन्सल्टंट म्हणून लागलोय. टेबल तेच, साहेब तोच, पगाराऐवजी महिन्याला ठरावीक फी. आधी एलटीए (रजेतल्या प्रवासाचा भत्ता) मिळायचा, कंपनीची बस होती. आता बदलापूर ते ऐरोली लोकलचा पास मी काढतो. एलटीए सारखं काही क्लेम करता येईल का? (बदलापूर)

उत्तर: काका, एलटीए नाही, पगारदारांची ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शनही नाही (पेन्शन मिळत असेल तर त्यावर मिळेल). त्याऐवजी इंजिनियरिंग हा ४४एडीए च्या यादीतला व्यवसाय आहे, निम्मी फी खर्च म्हणून आपोआप सुटते, एका पासासाठी भांडण्यापेक्षा हे कितीतरी मोठं. मर्यादा ५० लाखांची, रोखीनं आलेले पैसे ५ टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांची.

काळजी मला तुमच्या "टेबल तेच, साहेब तोच" ची वाटते. वेळ ठरलेली, रजा विचारून, काम साहेब सांगेल तसं, असं असेल तर हा पगारच आहे असं आयकर खातं म्हणू शकतं, आणि मग निम्मी सूटही गेली. कंपनीला सांगून अ‍ॅग्रीमेंटमधे काम काय द्यायचं ते लिहून घ्या, किती वाजता यायचं ते नको. दुसरीकडे एखादं छोटं काम घेतलंत तर आणखी बरं.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की नव्या आयकर कायद्यात फ्रीलान्सरचा प्रवासखर्च बंद झाला. खरं आहे का? (सोलापूर, आणि असंच विचारणारे बरेच)

उत्तर: नाही. २०२५ च्या कायद्यात ५३६ कलमं आहेत, भाषा सोपी केलीय, असेसमेंट इयर आणि प्रीव्हियस इयर जाऊन नुसतं कर वर्ष आलंय, आकडे सगळे बदललेत. ४४एडीए आता कलम ५८ मधे गेलं, १९४जे (व्यावसायिक फीवरचा टीडीएस) आणि १९४आर सकट पगार सोडून बाकीचा टीडीएस कलम ३९३ मधे. व्यवसायासाठी झालेला खरा खर्च वजा मिळतो हे तत्त्व आहे तिथेच आहे. २०२५-२६ चं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे, तिथे ४४एडीए च लिहायचं.

या फॉरवर्डचं मूळ मला वाटतं दुसऱ्याच गैरसमजात आहे. नव्या रिजिममधे "काहीच वजावट नाही" असं लोकांनी पाठ केलंय. ते ८०सी, एचआरए, एलटीए वगैरेंबद्दल खरं आहे. पूर्ण हिशोब ठेवणाऱ्या व्यावसायिकाचा प्रवास, भाडं, पगार हे नव्या रिजिममधेही वजा होतात, कारण ती नफा काढायचीच रीत आहे.

प्रश्न: ताई, मी इंग्लंडमधे रेडिंगला असतो, आयटी कॉन्ट्रॅक्टर, अम्ब्रेला कंपनीमार्फत (ती आम्हाला तिच्या पगारावर ठेवते, काम क्लायंटकडे). रोज लंडनला जातो, ट्रेनचा खर्च प्रचंड. जुने मित्र सांगतात २०१६ च्या आधी हा सगळा खर्च टॅक्स फ्री क्लेम व्हायचा. आता एक अम्ब्रेला म्हणते आम्ही अजून करून देतो, हातात जास्त पैसे. जाऊ का तिकडे? (रेडिंग)

उत्तर: नका जाऊ. मित्र सांगतात ते खरं आहे, अम्ब्रेला सांगते ते बहुतेक नाही.

आधी काय व्हायचं, अम्ब्रेला कंपनी तुमची एकच मोठी नोकरी धरायची आणि प्रत्येक क्लायंटचं ऑफिस म्हणजे तात्पुरती कामाची जागा. घरापासून तात्पुरत्या जागेपर्यंतचा प्रवास करमुक्त, त्यामुळे तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा कायम नोकरदार स्वतःच्या पैशानं यायचा आणि तुम्ही टॅक्स वाचवून. हे सरकारच्या डोळ्यात आलं, २०१५ मधे सल्लामसलत झाली आणि ६ एप्रिल २०१६ पासून नियम बदलला. आता प्रत्येक असाइनमेंट ही वेगळी नोकरी. म्हणजे लंडनचं ऑफिस ही तुमची कायमची जागा आणि रेडिंग ते लंडन हा रोजचा ऑफिसचा प्रवास, सूट शून्य. अपवाद एकच, तुमचं काम कसं करायचं यावर कोणाचंही सुपरव्हिजन, डायरेक्शन किंवा कंट्रोल नाही आणि तसा अधिकारही कोणाला नाही, हे सिद्ध झालं तर. कॉर्पोरेट ऑफिसात बसून काम करणाऱ्याला हे सिद्ध करणं अवघड.

पैशात सांगते. समजा कोणी गाडीनं जातो, रोज जाऊन-येऊन ६० मैल, वर्षाचे २०० दिवस, १२,००० मैल. पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्स आणि वरच्यांना २५, हा तेव्हाचा दर, म्हणजे ५,००० पौंड. २० टक्केवाल्याचा वर्षाला १,००० पौंड इन्कम टॅक्स वाढला, ४० टक्केवाल्याचा २,०००. नॅशनल इन्शुरन्स (तिथली सामाजिक विम्याची वर्गणी) वेगळाच. त्यानंतर शहाण्या कॉन्ट्रॅक्टर लोकांनी दोनच गोष्टी केल्या, डे रेट वाढवून मागितला किंवा घराजवळचं काम घेतलं.

स्वतःची लिमिटेड कंपनी असणाऱ्यांना हा नियम फक्त आयआर३५ मधे (स्वतःच्या कंपनीआडून नोकरीसारखंच काम करणाऱ्यांसाठीचा टॅक्सचा नियम) सापडलेल्या कामाला लागतो. बाहेर असाल तर प्रवास चालतो, पण २४ महिन्यांचा नियम लक्षात ठेवा. एकाच ठिकाणी ४० टक्के किंवा त्याहून जास्त वेळ आणि २४ महिन्यांहून जास्त काळ जाणार असं जेव्हा कळेल तेव्हापासून सूट बंद, दोन वर्षं पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. अठराव्या महिन्यात तुम्ही एक वर्षाचं एक्स्टेन्शन सही केलंत तर सूट त्याच दिवशी संपली. आयआर३५ च्या आत की बाहेर हे एप्रिल २०२१ पासून मोठे आणि मध्यम क्लायंट ठरवतात, त्यांच्याकडून तो निर्णय लेखी घ्या, तो तुमचा हक्क आहे.

आणि त्या अम्ब्रेलाबद्दल. एचएमआरसी, म्हणजे तिथलं टॅक्स खातं, टॅक्स चुकवणाऱ्या स्कीम्सची नावं जाहीर करतं, ती यादी बघा. ६ एप्रिल २०२६ पासून अम्ब्रेलानं पीएवायई (पगारातून कापायचा टॅक्स) बुडवला तर तो काम मिळवून देणाऱ्या एजन्सीकडूनही वसूल होऊ शकतो, त्यामुळे चांगल्या एजन्सी आता अम्ब्रेला निवडताना स्वतःच कडक झाल्यात. तुमची एजन्सी या कंपनीचं नाव ऐकून काय म्हणते ते विचारा, उत्तर तिथेच मिळेल.

प्रश्न: माझी बहीण न्यू जर्सीला फिजिओथेरपिस्ट आहे, वेगवेगळ्या हॉस्पिटलांत काही महिन्यांची कामं घेते. डब्ल्यू-२ (पगारी नोकरी) वरून १०९९ (स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर) वर जायचं म्हणते, प्रवासखर्च वजा मिळेल म्हणून. (डोंबिवली)

उत्तर: वजा मिळतो हे खरं. तिकडे नोकरदारांची मालकाकडून भरून न मिळालेल्या खर्चाची वजावट २०१८ पासून बंद केली होती, ती २०२५ च्या कायद्यानं कायमचीच बंद झाली, १०९९ वाले मात्र रिटर्नच्या शेड्यूल सी वर (धंद्याच्या नफ्याचा फॉर्म) दाखवू शकतात, प्रवासातलं जेवण निम्मं. पण एका ठिकाणचं काम वर्षाहून जास्त चालणार असेल तर ती जागाच तिचं कामाचं घर धरतात आणि राहण्या-जेवणाची वजावट जाते. शिवाय १०९९ वर सामाजिक सुरक्षेच्या टॅक्समधला मालकाचा हिस्साही तिनंच भरायचा, एकूण १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स. प्रवासाची वजावट मिळवायला एवढं मोठं ओझं घेण्याआधी तिनं तिथल्या सीपीएकडून (तिकडचे सीए) दोन्ही हिशोब शेजारी मांडून घ्यावेत, आणि मिळणारा रेट डब्ल्यू-२ एवढाच असेल तर माझं मत नको असंच आहे.

प्रश्न: मी सिव्हिल इंजिनियर, साइट सर्व्हेची कामं घेतो, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या हद्दीवर. आतल्या गावांत जीपवाला, होडीवाला, गावातलं जेवण, कोणीच बिल देत नाही, सगळं रोख. क्लायंट म्हणतो बिलाशिवाय पैसे नाही. (कुडाळ)

उत्तर: छापील बिल नसलं म्हणून खर्च खोटा ठरत नाही. घरीच व्हाउचर बुक ठेवा, बाजारात तीस-चाळीस रुपयाला मिळतं. तारीख, कुठून कुठे, कुठल्या साइटच्या कामाला, रक्कम, जीपचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि सही. हे त्याच दिवशी लिहायचं, मार्चमधे बसून एकाच पेननं वर्षाची व्हाउचर लिहिलेली कोणालाही ओळखू येतात. आजकाल जीपवाले यूपीआय घेतात, तिथे रोख देऊच नका, स्टेटमेंटमधे आपोआप नोंद होते. पूर्ण हिशोबावर असाल तर एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले की तो पूर्ण खर्च नामंजूर होतो, आठवडाभराची जीप एकदम रोखीत चुकती करताना हे बघा. आणि क्लायंटला कामाआधीच मेल करून ठेवा की अमुक भागात बिलं मिळत नाहीत, व्हाउचर आणि फोनमधले लोकेशनसकट फोटो देईन, चालेल का. हो आलं तरच जीप ठरवा, नाही आलं तर तेवढे पैसे फीमधे आधीच धरा.